चाकणची दोन जुनी रॉकेटं: ३९० ड्यूक किंवा पोलो जीटी टीएसआय सेकंड हॅन्ड घेताय? मग हे वाचा

कमी पैशात खरी पळणारी गाडी हवी म्हटलं की आपल्याकडे फिरून फिरून दोनच नावं निघतात, दोन चाकांत केटीएम ३९० ड्यूक आणि चार चाकांत फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. गंमत म्हणजे दोन्ही २०१३ ला आल्या आणि दोन्ही आपल्या चाकणच्या, एक बजाजच्या प्लांटमधून निघालेली, दुसरी फोक्सवॅगनच्या. पोलो २०२२ ला बंदच झाली त्यामुळे ती आता जुनीच मिळणार. आणि ३९० नवीन मिळते पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर जीएसटी ४० टक्के झालाय, त्यामुळे जुन्या ३९० कडे बघणारे लोक वाढलेत, आणि लोक वाढले की गुळगुळीत पॉलिश मारून विकणारे पण वाढतात.

मला मुळात एकच सांगायचंय, आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. गाडीची जी किंमत ठरते ती संपूर्ण किंमत नसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत टायर, चेन, ब्रेक, कूलंट, ऑइल, बॅटरी यात पैसे जाणारच, ते आधीच बाजूला काढा आणि मगच बजेट बोला. दोन लाख आहेत म्हणून दोन लाखाची बाईक घ्यायची नाही, दीड-पावणेदोनची घ्यायची आणि उरलेले तिच्यातच घालायचे. पॉवर वाढवायचा विचार तर पहिलं वर्षभर डोक्यातच आणू नका, आहे ती पॉवर रस्त्यावर नीट उतरत नाही अशा अवस्थेतल्या गाड्याच जास्त विकायला येतात.

आधी बाईक. कुठली ३९० हे नीट समजून घ्या कारण नाव एक आणि गाड्या तीन आहेत. २०१३ ते २०१६ ची पहिली, ३७३ सीसी, साडेत्रेचाळीस पीएस पॉवर, टाकी जेमतेम ११ लिटरची. २०१७ ची दुसरी, इंजिन तेच पण राइड बाय वायर (म्हणजे थ्रॉटलला केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक्स), कलर डिस्प्ले, पुढची डिस्क मोठी ३२० एमएमची आणि टाकी १३.४ लिटर. २०२३ ची तिसरी, इंजिनच वेगळं, जवळपास ३९९ सीसी आणि टाकी १५ लिटर. माझं मत विचाराल तर पहिली फक्त हौशी माणसाने घ्यावी, ज्याला रविवारी हात काळे करायला आवडतात त्याने. ट्रॅफिकमध्ये तिच्या रेडिएटर फॅनची हवा पायावर येते ती उन्हाळ्यात असह्य होते आणि २०१३ च्या गाडीची आरसी २०२८ ला १५ वर्षांची होतेय, म्हणजे आरटीओत रीपासिंग आणि पर्यावरण कर हे सगळं तुमच्याच गळ्यात. पैसे आणि मजा यांचा मेळ बसतो तो २०१७ ते २०१९ च्या गाड्यांत. स्पेअरची काळजी मात्र फार करू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात केटीएमने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली तेव्हा इथे पण घबराट झाली होती, पण ३९० इथेच बनते आणि पुढे बजाजनेच पैसे घालून कंपनी सावरली, त्यामुळे चेनकिट, पॅड, फिल्टर मिळणार नाही असं होत नाही.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगायचं, मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या पहिलं काम इंजिनला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं की थंड इंजिनचं काहीतरी लपवायचंय, किंवा माणूस निष्काळजी आहे, दोन्ही वाईटच. थंड इंजिन सेल्फ मारल्यावर लगेच उठलं पाहिजे, आवाज एकसारखा पाहिजे, आणि गरम झाल्यावर आयडलला बंद पडता कामा नये. सिग्नलला क्लच दाबून येताना फटकन बंद पडते ही या गाडीची जुनी तक्रार, बऱ्याचदा थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारा भाग) घाण असणं, नाहीतर बॅटरी मेलेली असणं एवढंच असतं, पण तुम्हाला भाव पाडायला कारण मिळतं.

की ऑन करताना डिस्प्लेकडे नीट बघा. एबीएसचा (ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) दिवा आधी लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. लागलाच नाही तर आनंद मानू नका, एबीएस खराब आहे म्हणून कुणीतरी दिवाच गायब केलेला असू शकतो. चेक इंजिनच्या दिव्याचं पण तसंच, फक्त तो इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. हेच पोलोला पण लागू, फक्त तिचा एबीएसचा दिवा गाडी न हलवता काही सेकंदांत विझतो, त्यामुळे परत लिहीत नाही.

मग पडलेली आहे का ते बघायचं. "कधीच पडली नाही, डॉक्टरची गाडी आहे" असं प्रत्येकजण सांगतो, महाराष्ट्रात एवढे डॉक्टर ड्यूक चालवत असते तर दवाखाने बंद पडले असते. टाकी आणि प्लास्टिक बघून काही कळत नाही, ते बदलता येतं. हॅण्डल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा आणि खाली वाकून बघा, जिथे हॅण्डल फ्रेमला जाऊन अडतं तिथे दोन छोटे लोखंडी ठोकळे असतात. मोशीला एका मित्रासाठी ड्यूक बघायला गेलो होतो, गाडी आरशासारखी, टाकीवर नवीन स्टिकर, पण त्या ठोकळ्याच्या एका बाजूचा रंग उडून लोखंड चेपलेलं होतं आणि त्याच्या शेजारी फ्रेमच्या वेल्डिंगजवळ केसाएवढी रेघ होती. म्हणजे पुढचं चाक कशावर तरी जोरात आदळून हॅण्डल फाटकन फिरलं होतं. मालकाला विचारलं तर तो म्हणे पार्किंगमध्ये पडली असेल. पार्किंगमध्ये पडून ते चेपत नाही हो. तिथून चहा पिऊन परत आलो. तर ते ठोकळे, क्लच-ब्रेक लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं, हॅण्डलचे बारएन्ड आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंची कव्हरं, एवढं बघितलं की गाडीचा इतिहास कळतो.

पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा, कट कट असा झटका हाताला लागला तर कोनसेट (हॅण्डलचं बेअरिंग) गेलाय. पुढचे शॉकअब उलटे आहेत, म्हणजे चकचकीत दांडी खाली असते, तिच्यावरून बोट फिरवा, तेल लागलं तर ऑइल सील गेलं. हे फार कॉमन आहे कारण आपल्याकडे चिखल त्या दांडीवर वाळतो आणि पुढच्या स्पीडब्रेकरला तोच वाळलेला चिखल सीलमध्ये घुसतो. घेतल्यावर सवय लावा, पावसातून आल्यावर ओल्या फडक्याने त्या दोन दांड्या पुसायच्या, दोन मिनिटं लागतात. चाक उचलून फिरवा आणि रिमला आऊट आहे का, म्हणजे रिम डगमगत फिरतेय का बघा, खड्ड्यांत रिम वाकलेल्या गाड्या ढिगाने आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कूलंट. ३९० चं दुखणं पॉवर नाही, उष्णता आहे. रेडिएटर गाडीच्या पुढे उघडाच असतो, त्यावर दगड, चिखल, किडे सगळं येतं. पंखा फिरतोय का हे गाडी गरम होईपर्यंत उभी ठेवून बघाच, टेस्ट राइड दहा मिनिटांत उरकू नका. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ मलईसारखं काही दिसलं तर सावध, कूलंट ऑइलमध्ये जात असेल, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) किंवा पाण्याच्या पंपाचं सील गेलेलं. पण पावसाळ्यात जवळच्या जवळ चालवलेल्या गाडीत थोडासा फेस ओलाव्याने पण येतो, त्यामुळे फक्त झाकणावर न थांबता ऑइलच्या खिडकीतून पण बघा, आतलं ऑइलच दुधाळ असेल तर गाडी सोडून द्या. कूलंटची टाकी रिकामी होतेय आणि खाली कुठे गळत नाहीये, हे पण तेच लक्षण. आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कधीच नाही, उकळतं कूलंट तोंडावर येतं.

घेतली? मग पहिल्या आठवड्यात जुना मालक काहीही म्हणो, सगळी फ्लुइड बदलून टाका. इंजिन ऑइल दीड ते पावणेदोन लिटर बसतं, ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा, आणि डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं असलंच पाहिजे कारण बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं भारी ऑइल उरलंय म्हणून ओतलंत तर क्लच स्लिप व्हायला लागेल. सर्व्हिसचं अंतर कंपनी सांगते ते ठीक आहे पण तुम्ही रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ये-जा करत असाल तर किलोमीटर कमी आणि इंजिन चालू तास जास्त होतात, अशा माणसाने पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलावं असं माझं मत. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन वर्षांनी बदलायचंच, ते हवेतली ओल ओढतं आणि मग घाटात उतरताना गरम झालं की त्यात वाफ होऊन लिव्हर स्पंजसारखा दबतो. बहुतेक लोकांनी ते गाडी घेतल्यापासून एकदा पण बदललेलं नसतं. कूलंट तयार मिक्स मिळतं ते घ्या, नळाचं पाणी घालू नका, आतून क्षार धरतात.

चेनवर लिहायला बसलो तर पान भरेल. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा आणि पावसात भिजली की त्याच दिवशी साफ करून ल्यूब. चेनमध्ये बारीक रबराच्या रिंगा असतात, त्यामुळे पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने घासू नका, क्लीनर किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश. ल्यूब गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना आतल्या बाजूने मारायचं आणि थोडा वेळ राहू द्यायचं. आणि एक हात जोडून विनंती, गाडी स्टॅन्डवर लावून पहिल्या गिअरमध्ये टाकून चेन फिरवत फडकं लावायचं हे जे व्हिडिओत दिसतं ना ते करू नका, फडक्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये जातं आणि तुटतं. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. ताण मोजताना चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात टाइट लागेल तिथे मोजा, आकडा स्विंगआर्मवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. आपले मेकॅनिक चेन तंग करून देतात, गिऱ्हाइकाला ढिली चेन म्हणजे काम झालं नाही असं वाटतं म्हणून. पण तंग चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते, थोडी ढिली परवडली.

टायर. ३९० ला पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० चे १७ इंची रेडियल लागतात, स्वस्तात मिळतोय म्हणून साधा नायलॉन टायर टाकून देणारे दुकानदार आहेत, त्यांच्या नादी लागू नका. टायरच्या बाजूवर लंबगोल खुणेत चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, सहा-सात वर्षांचा टायर दगड झालेला असतो, पावसात तो पकडत नाही. दोन्ही बदलायचे तर पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवा, आणि हो, हा खर्च एक्झॉस्टच्या आधी. हवा दर आठवड्याला थंड टायरमध्ये बघा, पंक्चरवाला सवयीने चाळीस मारतो, त्याला स्टिकरवरचा आकडा सांगा.

पेट्रोल. लोकांचा गैरसमज आहे की जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त पॉवर. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेटू नये याची क्षमता, बस. मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्यापेक्षा वरचं भरून गाडी पळायला लागत नाही, पण उन्हाळ्यात घाट चढताना लोडवर टकटक आवाज येत असेल तर ९५ ऑक्टेनचं भरून बघायला हरकत नाही. खरा प्रश्न आता इथेनॉलचा आहे. पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतंय आणि बीएस३-बीएस४ च्या, म्हणजे २०२० च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच, त्यासाठी मेकॅनिकशी भांडू नका. बघायचं ते रबरी पाइप आणि सील, दर सर्व्हिसला पाइपला हात लावून बघा, चिरा किंवा फुगवटा दिसला तर बदला. आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओली हवा जास्त राहते.

चालवण्याबद्दल थोडं. ही गाडी दीडशेच्या पुढे जाते पण कायद्याने बाईकला चौपदरी हायवेवर पण ८० चीच मर्यादा आहे आणि कॅमेरे आता सगळीकडे लागलेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला परवानगीच नाही, समृद्धीवर पण नाही. म्हणजे टॉप स्पीड ही गोष्ट तुमच्या कामाची नाहीच, कामाचं आहे ते वळणातून बाहेर पडतानाचं पिकअप आणि ब्रेक. ताम्हिणीत रविवारी सकाळी जे चालतं ते मी रायडिंग मानत नाही, वळणावर एसटी समोर आली की सगळ्यांचं रायडिंग संपतं. ब्रेक वळणाच्या आधी सरळ गाडीवर, मग गाडी झुकवायची आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन सरींत रस्त्यावरचं ऑइल वर येतं तेव्हा घाट नकोच, आणि शहरात पांढरे पट्टे, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पेव्हर ब्लॉक यांच्यावर गाडी झुकवायची नाही आणि जोरात ब्रेक पण नाही. खरंच जोरात चालवायचं असेल तर वर्षातून एकदा पैसे जमवून कोईमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ट्रॅक डे करा, तिथे एका दिवसात जेवढं शिकाल तेवढं घाटात पाच वर्षांत नाही. हेल्मेट आयएसआय असलेलं, हनुवटी झाकणारं, आणि बरोबर ग्लोव्ह्ज, बूट, जॅकेट. पडल्यावर माणूस आधी हात टेकवतो म्हणून ग्लोव्ह्ज पहिले घ्या.

सायलेन्सर. मला माहितीये तुम्हाला बदलायचाय. नका बदलू. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेला सगळ्यांनी पाहिलाय, आवाज-प्रदूषणाच्या कलमाखाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. शिवाय कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारा भाग) काढला की पीयूसीचा घोळ, आणि इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्याच अंगावर येतो. त्यात एवढं करून पॉवर किती वाढते, तर इंजिनच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग न करता जवळपास काहीच नाही, फक्त सोसायटीतले लोक तुम्हाला नावाने ओळखायला लागतात.

आता पोलो. जीटी टीएसआय म्हणजे दोन प्रकार, आणि इथे गल्लत केलीत तर लाखाचा फटका आहे. २०१३ पासूनची १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आणि २०२० पासूनची १.० लिटर टर्बो, ११० पीएस, तिला ६ स्पीड साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. पहिलीच्या गिअरबॉक्सला डीक्यू२०० म्हणतात, त्यात दोन कोरडे क्लच आणि मेकॅट्रॉनिक नावाचं एक युनिट, जे गिअर टाकायचं काम करतं. चांगल्या अवस्थेत हा गिअरबॉक्स इतका मस्त आहे की दुसरं काही चालवावंसं वाटत नाही. पण मेकॅट्रॉनिक गेलं की बिल लाखाच्या वर सहज जातं आणि जगभरात या गिअरबॉक्सची हीच ख्याती आहे. ज्याला डोक्याला ताप नको त्याने सरळ १.० घ्यावी. ज्याला तो गिअर बदलायचा झटका हवाच आहे त्याने १.२ घ्यावी पण तेवढे पैसे बाजूला ठेवून.

१.२ बघताना अर्धा तास तरी ट्रॅफिकमध्ये चालवून बघा, मोकळ्या रस्त्यावर सगळ्या डीएसजी चांगल्याच वाटतात. गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते का, उतारावर रेंगाळताना धक्का बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर वेळ लागतो का. स्कॅनर लावणारा माणूस बरोबर न्या, जुने पुसलेले एरर पण बऱ्याचदा त्याला कळतात, आणि विकणारा स्कॅन करू देत नसेल तर तिथेच नमस्कार. थंड इंजिन सुरू होताना दोन-चार सेकंद खडखड येत असेल तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. सर्व्हिस रेकॉर्ड बघा, ऑइल ५डब्ल्यू४० आणि फोक्सवॅगन ५०२ स्टॅन्डर्डचंच पडलंय का, कारण टर्बो त्याच ऑइलवर जगतो. या इंजिनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो आणि पेट्रोलने धुतला जात नाही, सत्तर-ऐंशी हजार चाललेली गाडी सुस्त वाटत असेल तर हे एक कारण असू शकतं, साफ करता येतं.

डीएसजी टिकवायची युक्ती सोपी आहे पण आपल्या ट्रॅफिकमध्ये अवघड आहे. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, पूर्ण सोडला की पकडतो, मारतं ते मधलं, अर्धा ब्रेक सोडून इंच इंच सरकणं. पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्या, दोन गाड्यांएवढी जागा झाली की मग एकदम पुढे जा, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची नाही, हॅन्डब्रेक लावा. आणि रिमॅप करणारे दुकानदार तुम्हाला आकडे दाखवतील, तेव्हा लक्षात ठेवा की कंपनीचा टॉर्क १७५ एनएम आहे आणि या गिअरबॉक्सची मर्यादा २५० एनएम. रिमॅपने त्या मर्यादेच्या जवळ गेलात की जुन्या क्लचकडून अपेक्षा ठेवू नका.

घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, शेवटचा एक-दीड किलोमीटर हळू चालवा म्हणजे टर्बो गार होतो. आणि पुण्या-मुंबईत पावसाचं पाणी तुंबलेलं असेल तर गाडी घालूच नका, घातली आणि बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाजूला घ्या आणि टो करा. इन्शुरन्स घेताना झिरो डेपबरोबर (क्लेममधून पार्ट्सचा घसारा न कापणारं कव्हर) इंजिन प्रोटेक्ट घ्या, साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही.

राहिले कागद, आणि इथे लोक घाई करतात. आधी गाडीवर ई-चलन किती आहेत ते नंबर टाकून बघा, अशा गाड्यांवर ती माळच असते, ती विकणाऱ्याने भरायची. आरसीवर लोन दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं लोन काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाही. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का ते पण बघून घ्या, एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती आता लागतेच. कर्नाटकची किंवा दुसऱ्या राज्याची गाडी स्वस्त दिसते ती फसवी आहे, तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर हे सगळं धरून हिशोब करा, बऱ्याचदा इथलीच परवडते. इन्शुरन्स नावावर करायला चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं, त्यानंतर काही झालं तर थर्ड पार्टीचं कव्हर चालू राहतं पण तुमच्या गाडीचं नुकसान कुणी देत नाही. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच, त्यामुळे प्रीमियमचा फरक तुम्हाला भरावा लागेल, तो आधीच विचारून घ्या. आणि आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत थोडे पैसे राखून ठेवायचं दोघांत लिहून ठरवा, दहा-पंधरा हजार अडकलेले असले की जुना मालक ओटीपी द्यायला फोन पहिल्याच रिंगला उचलतो.